मोड आणि जोड : महाराष्ट्र व गोव्यातील घरबांधणीत जुन्या सामानाचा पुनरुपयोग

मराठी घरातून तांबटाकडे अथवा सोनाराकडे जुना जिन्नस जातो तेव्हा तो ‘मोड’ म्हणून जातो. मोडीचे वजन होते, तिचा दर ठरतो आणि तेवढी रक्कम नव्या जिनसाच्या किमतीतून वजा होते. ‘मोडीत काढणे’ या वाक्प्रचाराला पुढे अवहेलनेचा अर्थ चिकटला असला तरी मूळ व्यवहारात मोड म्हणजे केर नव्हे. केर उकिरड्यावर जातो, मोड कारागिराच्या भट्टीत जाते. (उकिरडाही अखेर शेतातच जातो, हा भाग वेगळा.)

घराच्या बाबतीतही एके काळी असाच व्यवहार चालत असे. अलीकडे वास्तुविद्येच्या व गृहसजावटीच्या लेखनात ‘शाश्वत सामग्री’, ‘पुनर्वापर’ या संज्ञा रूढ झाल्या असून त्यांचा उल्लेख बहुधा नव्या कल्पना म्हणून होतो. याच्या उलट, पूर्वजांच्या काटकसरीचे गुणगान करणारे लेखनही पुष्कळ आहे. या दोन्ही भूमिकांत एक प्रश्न अनुत्तरितच राहतो. जुने सामान पुन्हा वापरता येणे हे नेमके कशावर अवलंबून होते? दारिद्र्य, काटकसर, रूढी ही कारणे सांगितली जातात आणि ती अगदीच खोटी नाहीत. परंतु पेशवाईतील श्रीमंतांच्या वाड्यांपासून कोकणातील साध्या घरापर्यंतची घरे पाहिली असता, खरे कारण सामानात नसून सामानाच्या जोडणीत होते असे म्हणावे लागते. जो जोड उलगडता येतो त्यातील पदार्थालाच मोडीचे मोल राहते.

या दृष्टीने मराठी वाड्याची रचना पाहण्यासारखी आहे. शनिवारवाड्याचा पाया इ. स. १७३० च्या जानेवारीत घातला गेला आणि १७३२ च्या जानेवारीत वास्तुशांत झाली. त्यासाठी सागवान जुन्नरच्या रानातून, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीच्या परिसरातून आणविला होता. राजसत्तेच्या घरालाही लाकूड दोन-तीन मजलांवरून बैलांच्या बळावर आणावे लागत असेल, तर सामान्य सावकाराच्या अथवा कारकुनाच्या घराला चांगली तुळई ही केवढी मोलाची वस्तू होती याची कल्पना करता येते. अशी तुळई एका पिढीपुरती नसे. सागवान किती टिकते याचा पुरावा कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छतात आहे. तेथील लाकडी फासळ्यांनी सुमारे दोन हजार पावसाळे काढले आहेत.

वाड्याचा भार मुख्यतः लाकडी सांगाड्यावर असतो. दगडी जोते, जोत्यावर तळखडे, तळखड्यांवर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या व कड्यांवर पाट, आणि पाटांवर मातीचा थर अशी ही चढण आहे. सांगाड्यातील भिंती भेंड्यांच्या, कच्च्या विटांच्या अथवा मातीच्या. लाकडाला लाकूड जोडताना एकात खाच पाडावयाची, दुसऱ्याचे टोक तासून तीत बसवावयाचे आणि आरपार लाकडी खुंटी ठोकावयाची, अशी रीत होती. लोखंड महाग असल्यामुळे खिळ्यांचा वापर बेताचा. जुन्या दारांची फळी बिजागरीवर न फिरता वरखालच्या गोल टोकांवर फिरते. चौकटीच्या वरच्या खाचेत ती उचलली की मोकळी होते. कडीपाटाचे छत उतरविताना माती ओढून काढावी, पाट उचलावेत, कड्या सोडवाव्यात, खुंट्या ठोकून बाहेर काढाव्यात. ज्या क्रमाने घर उभे राहिले त्याच्या उलट क्रमाने ते उतरते. म्हणूनच जुने घर ‘पाडले’ यापेक्षा ‘उतरविले’ हा शब्द अधिक समर्पक होय.

उतरलेल्या सामानाची मात्र एक उतरंड असे. अखंड तुळई पुढच्या घरातही तुळईच होई. तिची टोके कुजली असतील तर तोडून लहान गाळ्याला कडी म्हणून ती लागे. कडी खराब झाली की तिच्यातून चौकट निघे, चौकटीतून फडताळाच्या फळ्या, फळीतून पाट अथवा चौरंग, आणि सगळ्यांच्या शेवटी बंबातील जळण. प्रत्येक पायरीला लाकडाचा काही अंश जाई, पण एकदम शेवटच्या पायरीवर कोणी उडी मारीत नसे. नक्षीदार वस्तूंची गती थोडी निराळी होती. केळफुलाचे लटकण, महिरपीची कमान, सुरूच्या घाटाचे खांब ही दिवाणखान्याची शोभा असल्यामुळे ती एका घरातून दुसऱ्या घरात तशीच्या तशीच जात. त्यामुळे ज्या दिवाणखान्यात ती आज आढळतात त्याच्यासाठीच ती घडविली गेली होती असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

लाकडापेक्षाही अधिक वेळा फिरणारा पदार्थ म्हणजे माती. मराठी मुलुखात शेतजमिनीला ‘काळी’ आणि वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या मातीची घरे उभी राहून ढासळल्यामुळे, राख, शेण व चुना मिसळल्यामुळे वस्तीच्या जागेची माती फिकट व चिकण होते. पडक्या घराची माती भिजवून तीच नव्या भिंतीला वापरीत आणि उरलेली खत म्हणून काळीत नेत. या व्यवहारात वाया जाण्यासारखे काही नव्हते. वाया गेला तो इतिहासाचा पुरावा. नेवाशाचे १९५४ ते १९५६ मधील आणि इनामगावचे १९६८ ते १९८३ मधील उत्खनन यांनी पांढरीच्या टेकाडांत काय दडलेले असते हे दाखवून दिले. पण महाराष्ट्रातील कितीतरी टेकाडे त्याआधीच खतासाठी व भिंतींसाठी खणून नेली गेली होती. पुनरुपयोगाची प्रशस्ती करताना संशोधकाने ही बाब विसरू नये. जे पुन्हा वापरले जाते त्याचा मागमूस राहत नाही आणि म्हणूनच त्याचा इतिहास लिहिणे कठीण होते.

आता जे उलगडता येत नाही अशा बांधकामाकडे वळता येईल. मुरलेल्या चुन्यात बसविलेली वीट दरवेळी सुटी निघतेच असे नाही. घाणीत नीट मळलेला चुना शंभर वर्षांत दगडाची बरोबरी करतो. अशा भिंतीतून अखंड वीट निघाली तर ती खरवडून पुन्हा लावीत. तुटली तर तिचा दुहेरी उपयोग होई. मोठे तुकडे कोब्यात जात आणि बारीक पूड ‘सुरखी’ म्हणून चुन्यात मिसळली जाई. सुरखीचे महत्त्व केवळ भर म्हणून नव्हते. साधा चुना हवेतील कर्बवायू शोषून घट्ट होतो, त्याला वेळ लागतो आणि सतत ओलीत तो नीट धरत नाही. भाजलेल्या मातीच्या पुडीतील सिलिका व ॲल्युमिना यांचा चुन्याशी पाण्याच्या सान्निध्यात संयोग होऊन पाण्याला दाद न देणारा बंध तयार होतो. रोमन लोक ज्वालामुखीच्या राखेने जे साधीत तेच येथील गवंडी फुटक्या विटांनी व कौलांनी साधीत होता. न्हाणीघर, हौद, गच्ची येथे सुरखीचाच चुना का वापरीत याचे उत्तर यात आहे.

कोबा म्हणजे या विद्येचे घराच्या आतील रूप होय. विटांचे तुकडे व चुना पसरून तो दिवसेंदिवस चोपणीने चोपावयाचा, वरून गुळाचे पाणी, बेलफळाचा वा मेथीचा अर्क शिंपावयाचा, असे हे काम चाले. चोपणाऱ्या बायकांच्या रांगा व त्यांचा ताल हे त्या कामाचे दृश्य अंग. नीट चोपलेला कोबा तळहाताला गार व गुळगुळीत लागतो. मुंबई-पुण्याच्या गच्च्यांवर आजही गळती थांबविण्यासाठी विटांच्या तुकड्यांचा कोबा घालतात, फक्त चुन्याची जागा सिमेंटने घेतली आहे. त्यावर फुटक्या पांढऱ्या फरशीचे तुकडे बसविण्याचीही चाल आहे व तिला बोलीत ‘चायना मोझॅइक’ म्हणतात. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवितो आणि लहान तुकड्यांमुळे गच्चीचा उतार व वळण कसेही साधता येते.

चिनी मातीच्या फुटक्या तुकड्यांची ही परंपरा गोव्यातील घरांत अधिक नटलेली दिसते. मकाव व गोवे यांच्यातील जलमार्गाने चिनी भांडी गोव्यात येत आणि त्यांतील फुटकी भांडी काही जुन्या घरांच्या जमिनीत नक्षी करून बसविलेली आढळतात. निळ्या-पांढऱ्या बशीचा अर्धा काठ, कपाचा तळ, एखाद्या फुलाची पाकळी यांची मिळून ही जमीन होते. जेवणाच्या मेजावरची प्रतिष्ठा फुटल्यानंतर पायाखाली आली असे कोणी म्हणेल. परंतु अशी जमीन बहुधा पाहुण्यांच्या दालनात अथवा प्रार्थनेच्या खोलीत असे, हे लक्षात घेता तिला उतरंडीची खालची पायरी म्हणता येणार नाही.

खिडक्यांची गोष्टही अशीच आहे. चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्या चौकोनी कापून, घासून, लाकडी पट्ट्यांच्या जाळीत बसवीत. हा शिंपला शास्त्रीय परिभाषेत ‘प्लॅक्युना प्लासेंटा’ या नावाने ओळखला जातो. त्यातले मांस खाण्यात जाई, मोठी व सपाट शिंपली तावदानाला लागे आणि उरलेल्या शिंपल्या भाजून त्यांचा चुना करीत. जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य १६७३ साली मुंबईस आला. तेथील बरीचशी घरे माडाच्या झावळ्यांनी शाकारलेली होती; जकातघर, वखारी आदी मोजक्या पक्क्या इमारतींना काचेऐवजी शिंपल्यांची तावदाने होती आणि ती दिसायला बरी होती, अशी त्याची नोंद आहे. काच स्वस्त झाली तेव्हा हे तावदान मागे पडले. त्याचा गुण मात्र काचेत नाही. शिंपलीतून ऊन आत येते ते दुधासारखे होऊन येते. कोकणच्या उन्हाळ्यात ही लहान गोष्ट नव्हे. तावदान फुटले तर एकच चकती बदलावी लागे. चकती पट्टीत सरकवून बसविलेली असे, चिकटविलेली नसे.

गोव्याचा उल्लेख आला की पुनरुपयोगाची दुसरी, कमी सुखद बाजूही पाहावी लागते. रोगराईने व व्यापाराच्या ऱ्हासाने जुने गोवे शहर ओस पडू लागले. १७५९ साली व्हाइसरॉयने पणजीतील आदिलशाही वाड्यात आपले निवासस्थान हलविले आणि १८४३ साली पणजी अधिकृत राजधानी झाली. दरम्यान जुन्या शहरातील व्हाइसरॉयचा राजवाडा १८२० च्या सुमारास पाडण्यात आला, १८३० नंतरच्या दशकात धार्मिक संघांची बरखास्ती झाली आणि रिकामे मठ ढासळू लागले. जुन्या शहराची सामग्री पणजीच्या बांधकामांकडे गेली. सेंट ऑगस्टिनच्या मनोऱ्यावरील घंटा १८७१ साली पणजीच्या चर्चमध्ये बसविण्यात आली, हे त्यांतील सर्वांत परिचित उदाहरण. एक शहर दुसऱ्या शहराची खाण झाले. ही काटकसर खरी, पण जे उतरविले गेले ते सगळे जीर्ण होते असे नाही.

वसईच्या घंटांचा मामला याहून उघड आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतल्यावर तेथील चर्चच्या घंटा देशावर आल्या व देवळांतून टांगल्या गेल्या. मेणवली व नाशिकचे नारोशंकराचे देऊळ येथील घंटा प्रसिद्ध आहेत. वस्तू तीच, नादही तोच. परंतु येथे मोडीचा व्यवहार नसून विजयाचे चिन्ह आहे. मोड, लूट आणि दान या तीन वाटांनी जुनी वस्तू नव्या जागी येते. वस्तूकडे पाहून वाट ओळखता येत नाही. वाट कळण्यासाठी कागद लागतो.

असा एक कागद म्हणजे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील, रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’. त्यातील आरमाराच्या प्रकरणात लाकडाविषयी सूचना आहेत. राज्यातील अरण्यांतून सागवानादी लाकूड घ्यावयाचे ते हुजूरच्या परवानगीने. आंबा, फणस ही झाडेही आरमाराला उपयोगी. पण रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असल्यामुळे त्यांना हात लावू नये. एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल तर मालकाला राजी करून, पैसा देऊनच ते तोडावे. हा मजकूर अलीकडे पर्यावरणविषयक लेखनात वारंवार उद्धृत होतो व त्यावरून मराठी राज्याचे वनधोरण सिद्ध करण्याचा मोहही होतो. तो आवरलेला बरा. आज्ञा आरमारापुरती आहे आणि तिच्या मुळाशी वृक्षप्रेमाइतकीच, किंबहुना अधिक, रयतेचा शाप लागेल ही राजकीय जाण आहे. तरीही एक गोष्ट तीतून निश्चित होते. जीर्ण लाकडालाही मालक होता, त्याची किंमत होती आणि ती चुकती करणे हा राज्याचा धर्म मानला जात होता.

पुरुषांच्या कागदांत जे येत नाही असे पुष्कळसे घराच्या आत घडत होते. गोधडी हे त्याचे ठळक उदाहरण. जुन्या लुगड्यांचे व धोतरांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्याने त्या शिवीत. वरचा थर विरला की त्यावर नवा थर चढवून तिलाच पुन्हा दोरा घालीत. त्यामुळे एखाद्या जुन्या वाकळीच्या पोटात दोन-तीन पिढ्यांचे कापड सापडते. येथेही मुद्दा जोडाचाच आहे. धावदोरा ओढला की सुटतो, म्हणून दुरुस्ती शक्य. गोधडीलाही न लागलेले कपडे बोहारणीच्या वाट्याला जात आणि त्यांच्या बदल्यात घरात भांडे येई. या देवघेवीची नोंद कोणत्याही जमाखर्चात सहसा मिळत नाही, कारण ती दुपारच्या वेळी दारात, रोकड पैशाशिवाय होत असे.

टोपल्या लिंपण्याची रीत संशोधकांनी विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. बांबूच्या टोपल्यांतून व सुपांतून पीठ गळू नये म्हणून रद्दी कागद भिजवून, त्यात मेथ्या वाटून घालून केलेल्या लगद्याने त्यांना आतून-बाहेरून लिंपीत. जुन्नर व दौलताबादजवळील कागजीपुरा येथील हातकागद मुळात चिंध्या, गोणपाट व रद्दी यांपासूनच होत असे. म्हणजे चिंधीचा कागद, कागदावर मोडी लिपीतील हिशेब, हिशेबाची रद्दी आणि रद्दीची टोपली असे हे चक्र आहे. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, त्याच्या आगेमागे दप्तरे वाण्याच्या दुकानी गेल्याच्या हकीकती संशोधकांत वारंवार ऐकू येत. घरधनिणीच्या दृष्टीने तिने कागदाचा नाश केला नव्हता. कागद अजून घरातच होता, पीठ धरून.

हा सर्व व्यवहार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पालटू लागला. १८६५ व १८७८ च्या वनकायद्यांनी सागवानावर सरकारचा ताबा घट्ट केला आणि रेल्वेच्या पट्ट्यांसाठी लाकडाची मागणी वाढली. अशा वेळी जुन्या लाकडाचे मोल वाढणे स्वाभाविक होते. १८६५ मध्येच बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. मंगलोरी कौल हे यंत्राचे अपत्य असले तरी जुन्या नियमाला धरून होते. ते रिपांवर नुसते अडकवून ठेवतात, चिकटवीत नाहीत, म्हणून शंभर वर्षांचे कौल आजही उतरवून दुसऱ्या घरावर चढविता येते. नवे ते सर्व मोडीला प्रतिकूल, असा सोपा निष्कर्ष त्यामुळे काढता येत नाही.

मुंबईच्या गोदीत वाडिया कारागिरांनी बांधलेल्या सागवानी जहाजांचेही येथे स्मरण होते. १८२१ साली पाण्यात उतरलेले ‘गँजेस’ हे लढाऊ जहाज १९३० साली इंग्लंडात मोडले गेले, तेव्हा त्यातील कप्तानाची खोली डेव्हन परगण्यातील बर्ग बेटावरील हॉटेलात जशीच्या तशी बसविण्यात आली. मलबारच्या रानातील लाकूड शतकानंतर एका परक्या विश्रामगृहाची अंतर्सजावट झाले.

निर्णायक पालट केला तो सिमेंटने. १९१४ साली पोरबंदरच्या कारखान्यात सिमेंटचे उत्पादन सुरू झाले आणि पुढील काही दशकांत शहरी बांधकामाची पद्धत मुळापासून बदलली. सिमेंटचा दोष त्याच्या कमकुवतपणात नाही, बळकटपणात आहे. विटेपेक्षा सांधा मजबूत झाला की भिंत पाडताना सांधा सुटत नाही, वीट फुटते. सळईभोवती ओतलेल्या काँक्रीटात तर तुळई, खांब व छत हे वेगळे अवयवच उरत नाहीत. पोलाद घण घालून सोडविता येते व वितळविता येते. बाकीचा राडारोडा.

तरीही वाडे केवळ फॅशनपायी गेले असे म्हणणे अन्यायाचे होईल. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून मुठेचे पाणी पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत शिरले आणि मातीच्या भिंती तासाभरात विरघळल्या. जो जोड माणसाला उलगडता येतो तो पाण्यालाही उलगडता येतो. त्या पुरानंतर ज्यांनी काँक्रीटची इमारत मागितली त्यांना अज्ञानी ठरविण्याचा अधिकार कोणाला नाही. भाडेनियंत्रण, भाऊबंदकीचे वाटे, न परवडणारी डागडुजी ही कारणे त्यात मिळाली. वाडे उतरू लागले, आणि या वेळी उतरलेले सामान घ्यायला तशा रचनेचे दुसरे घर कोठेच बांधले जात नव्हते.

त्या सामानापैकी थोडे वस्तुसंग्रहालयात आले. दिनकर गंगाधर केळकर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून दारे, खिडक्या, दिवे, अडकित्ते, भांडी घरोघर हिंडून जमविली. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष त्यांनी आणून संग्रहालयात पुन्हा उभे केले आणि १९७५ साली हा सारा संग्रह राज्य सरकारच्या स्वाधीन केला. त्यांच्या डोळ्यांपुढे पुनरुपयोग नव्हता, जतन होते. दार तेथे दार म्हणून उघडत नाही. परंतु ते उतरवून आणता आले, हे त्याच्या जुन्या जोडणीमुळेच.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिमेंटच्या चौकटीतच मोडीला जागा करून देण्याचे प्रयत्न झाले. त्यांत लॉरी बेकर (१९१७–२००७) यांचे केरळातील काम अग्रगण्य मानावे लागेल. जुन्या घरांची दारे-खिडक्या त्यांनी नव्या घरांत लावल्या आणि काँक्रीटच्या छतात टाकाऊ मंगलोरी कौले भरली. छताच्या खालच्या भागात ताण पोलाद सोसते, तेथील काँक्रीट फारसे काम करीत नाही. म्हणून तेवढ्या जागी कौल घातले तर काँक्रीट वाचते आणि छताला खालून रेखीव रूप येते. युक्ती नामी आहे. मात्र छतात गेलेले कौल तेथून परत निघत नाही. मोडीचा तो शेवटचा फेरा ठरतो.

शासकीय नियमांची दिशाही हीच राहिली. २०१६ साली केंद्र सरकारने बांधकाम व पाडकाम यांतील कचऱ्यासाठी प्रथमच स्वतंत्र नियम केले. दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टन यांहून अधिक कचरा करणाऱ्याने काँक्रीट, माती, पोलाद, लाकूड व प्लॅस्टिक, विटा व चुना-सिमेंट असे त्याचे वर्ग करावेत, असे त्यांत सांगितले होते. त्याच वर्षी भारतीय मानकाने जुन्या काँक्रीटची खडी एम २५ पर्यंतच्या सळईयुक्त काँक्रीटात २० टक्क्यांपर्यंत वापरण्यास मुभा दिली. राडारोडा नदीपात्रात टाकण्यापेक्षा हे निःसंशय बरे. पण या वर्गवारीत लाकूड हे प्लॅस्टिकच्या शेजारी वजनाने मोजावयाचे द्रव्य आहे. चौकटीसह अखंड दार हा वर्ग तीत नाही.

तो वर्ग बाजाराने ओळखला आहे. पुण्याच्या मंगळवार पेठेतील जुन्या बाजारात आणि मुंबईला जोगेश्वरीच्या जुन्या फर्निचरच्या दुकानांत पितळी कड्या, कोरीव चौकटी, खांब, झोपाळ्याच्या साखळ्या यांना गिऱ्हाईक आहे. तुळईचे मेज होते, दाराचा पलंगाचा उशाकडील भाग होतो, महिरप उपाहारगृहाच्या भिंतीवर चढते. जुने सागवान मुरलेले असल्यामुळे ते पिळवटत नाही हे सुतार जाणतो, आणि नव्यापेक्षा त्याला कित्येकदा अधिक पसंती देतो. मोडीचा व्यवहार असा पुन्हा सुरू झाला, फक्त त्याचे केंद्र घराच्या सांगाड्याकडून घराच्या शोभेकडे सरकले.

इतिहासाच्या अभ्यासकाला यातून एक तातडीची अडचण उद्भवते. जुन्या तुळईवरील रिकाम्या खाचा म्हणजे तिच्या आधीच्या घरांचा दाखला होय. एका तुळईवर दोन वेगळ्या अंतरांच्या खाचा असतील तर ती निदान दोन घरांत नांदली असे समजावे, आणि कोरीव कामाच्या शैलीवरून वाड्याचा काळ ठरविण्यापूर्वी अशा खाचा पाहाव्यात. सागाला वर्षागणिक कडी येते व त्या मोजून काळ काढता येतो. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानविज्ञान संस्थेत सागाच्या कड्यांवरून जुन्या पर्जन्यमानाचा अभ्यास झालेला आहे. ही पद्धत वाड्यांच्या लाकडाला लावली तर झाड केव्हा तुटले ते सांगता येईल. घर केव्हा उभे राहिले ते त्यावरून कळणार नाही, कारण मधल्या काळात ती तुळई आणखी कोठे होती हे कडी सांगत नाही. ते खाचच सांगते. वखारीत लाकूड आले की प्रथम खिळे उपटतात, मग खाचा लाकडाच्या तुकड्यांनी व भुशाच्या लगद्याने बुजवितात आणि वरून रंधा मारतात. पावतीवर लांबी, रुंदी, जाडी व घनफूट एवढेच असते. पेठेचे वा गावाचे नाव लिहिण्याचा रकाना तीत नसतो.